शेवटचा रविवार, गुलमर्ग

तारीख लावून घ्या: २६ मार्च १९८९, रविवार. होळी नुकतीच झाली आहे. भुसावळच्या फलाटावर नळाचं पाणी सकाळी दहालाच कोमट यायला लागलंय आणि जळगावात दुपारी रस्ते ओस पडायला लागलेत. तुम्ही मात्र साडेआठ हजार फुटांहून उंच, काश्मीरमधल्या एका वाटीसारख्या कुरणात पहाटे सहाला जागे होता. पांघरूण तीन रजयांचं, आणि नाक तेवढं बाहेर राहिल्यामुळे गोठलेलं.

या प्रवासाचा नियम एकच. बरोबर काही न्यायचं नाही. मोबाइल नाही, हवामानाचा अंदाज नाही, गुडघ्याचा पट्टाही नाही. पुढे काय काय घडणार आहे ते डोक्यात राहील, पण ते तिथे कुणाला सांगायचं नाही.

तुमचं वय एकवीस. जळगावच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहात, परीक्षा तोंडावर आहे. घरी "शिबिर आहे" एवढंच सांगितलंय. बर्फ हा शब्द काढला असता तर आजीने भुसावळपर्यंत येऊन गाडीतून उतरवलं असतं.

गाडी अर्थात झेलम. पुण्याहून निघून मनमाड, जळगाव, भुसावळ करत थेट जम्मूला जाणारी. खान्देशातल्या माणसाला हिमालय लांब वाटतो, पण झेलममुळे तो एका गाडीच्या अंतरावर आलाय. डब्यात निम्मे फौजी, सुट्टी संपवून निघालेले, काळ्या ट्रंका घेऊन. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण. कुणाच्या तरी टेपवर 'तेजाब'मधलं 'एक दो तीन' खांडव्यापासून झाशीपर्यंत वाजतंय. आईने दिलेल्या दशम्या पहिल्याच रात्री संपल्या. ठेचा मात्र जम्मूपर्यंत पुरला, कारण समोरच्या बर्थवरच्या हवालदाराने एकदा चाखून पुन्हा हात लावला नाही. पंजाबात प्रत्येक स्टेशनवर पोलीस चढले, पिशव्या उघडायला लावल्या. त्या काळात पंजाबातून जाताना लोक जपून बोलायचे आणि काश्मीर आलं की सुटल्यासारखे हसायचे. उलट नव्हे. हे लक्षात असू द्या.

जम्मूहून बस. दिवसभर वळणं, मग जवाहर बोगदा: १९५६ साली खुला झालेला, अडीच किलोमीटरहून लांब, आत ठिबकणारं पाणी. बाहेर पडलात आणि ड्रायव्हरने काही न बोलता गाडी क्षणभर हळू केली, कारण पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण इथे उठून उभा राहतो हे त्याला ठाऊक होतं. श्रीनगरला बदामाला फुलं आली होती. टनमर्गपासून वर साखळ्या लावलेल्या चाकांची जीप. तेव्हापासून रोज आपटणं चालू आहे. आज स्कीच्या शिबिराचा शेवटचा दिवस, आणि बर्फाच्या हंगामाचाही जवळजवळ शेवटच.

सकाळी सातला बाहेर पाऊल टाकलंत तर बूट कर्रकन वाजतो. काल दुपारी जो बर्फ घोट्यापर्यंत चिखल झाला होता, त्यावर आता खिळा ठोकता यायचा नाही. तुमच्या खोलीतला शिरपूरचा गडी दारातच घसरतो, बसतो आणि तिथूनच जाहीर करतो, "भो, हाऊ बरफ ते दगड व्हयी गया!"

बरोबर बोलतोय तो. मार्चच्या शेवटी इथे दिवसा सूर्य तापतो आणि रात्री आकाश निरभ्र असलं की सगळी ऊब निघून जाते. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं. असं आठ-पंधरा दिवस चाललं की ताज्या बर्फाचे नाजूक कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि मोठे, गोल दाणे होतात. पहाटे ते दाणे गोठलेल्या पाण्याने जखडलेले असतात. सूर्य वर आला की वरचा बोटभर थर सुटतो आणि भिजवून निथळलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. त्या थरावर स्की जी फिरते, ती जानेवारीच्या पिठूर बर्फावरही फिरत नाही असं शिकवणारे उस्ताद सांगतात. पण वेळ फार थोडा मिळतो. दहाच्या आधी गेलात तर दात वाजतील, एकनंतर गेलात तर पाय रुततील. मधले तीन तास तेवढे आपले.

त्यात आज रविवार. म्हणजे सकाळी 'महाभारत'.

टीव्ही एकच आहे, जेवणाच्या खोलीत. अँटेना छपरावर, आणि ती फिरवायला एक पोरगा फावडं घेऊन वर चढलेला, कारण आधी बर्फ बाजूला करावा लागतो. "आया?" "नहीं आया." "अब?" "थोड़ा लेफ्ट." खोलीत फेरन घातलेले लिफ्टवाले, आत निखाऱ्यांची कांगडी धरलेली, स्वयंपाकी, घोडेवाले, बंगालचे दोन कॅडेट, पुण्याची एक गिर्यारोहक बाई, हिशेब ठेवणारे पंडितजी, ज्यांना पुढच्या प्रसंगाची गोष्ट आधीच माहीत असते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे त्यांना गप्प बसवतात. सर्वांत मोठ्याने घोडेवाला, त्याला कर्णाचं काय होतं ते आत्ताच ऐकायचं नाही.

तुम्ही या खोलीकडे नीट बघून घ्या. तुम्हाला एकट्यालाच माहीत आहे की येत्या डिसेंबरात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या मुलीचं श्रीनगरमध्ये अपहरण होईल, जानेवारीत खोऱ्याचे रस्ते संचारबंदीने ओस पडतील आणि पंडितांची घरं रातोरात रिकामी व्हायला लागतील. पंडितजी आत्ता युधिष्ठिराच्या बाजूने वाद घालताहेत. तुम्ही कहवा पिता. बोलायचं नाही, ठरलंय.

भाग संपतो, खोली मोकळी होते आणि बाहेर बर्फ अगदी तयार. महाभारताच्या कृपेने कुणीही वेळेआधी उतारावर गेलेलं नाही.

बूट चढवणं हेच अर्धं काम. प्लास्टिकचे, चार बकलांचे, दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला साजेसे झालेले. स्की सरळसोट, तुमच्यापेक्षा लांब. कमरेत बारीक असलेल्या आखूड स्की बाजारात यायला अजून काही वर्षं आहेत. त्या आपण होऊन वळतात, या वळवाव्या लागतात. मग टी-बार. वर फिरत्या तारेला लोंबणारा उलटा 'टी', तो दोघांनी मांडीच्या मागे घ्यायचा आणि उभं राहायचं. बसायचं नाही. हे उस्तादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. खान्देशी माणसाला टेकायला काही मिळालं की तो बसतो. शिरपूरकर आजही बसला. टी-बार खाली गेला, तो खाली गेला, त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात, लिफ्टवाल्याने हसत हसत यंत्र थांबवलं.

वर पोचलात की आधी उत्तरेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटर, क्षितिजावर एकटाच. त्याच्यापुढे तुमची ही टेकडी म्हणजे काहीच नाही. पाठीमागे अफरवटचा मोठा डोंगर आहे, तिथे फ्रेंच कंपनीच्या गोंडोलाची योजना आहे. पहिला टप्पा सुरू व्हायला १९९८ उजाडेल, दुसरा २००५ मध्ये. आज अफरवटला जायचं तर चालत. तुमच्यासाठी ही टेकडी पुरेशी आहे, कारण आता खाली बघा.

टेंगळं.

पूर्ण उतारभर, गुडघ्याएवढी, कुठे मांडीएवढी. मधून मधून खड्डे. मुद्दाम कुणी केलेली नाहीत. पहिला माणूस जिथे वळला तिथे त्याच्या स्कीने बर्फ बाजूला लोटला. दुसऱ्याला तिथेच वळणं सोपं गेलं. हंगामभर हेच. सगळ्यांचे वळण्याचे खड्डे खोल झाले आणि मधला न खरवडलेला बर्फ उंच होत गेला. मोठ्या परदेशी ठिकाणी रात्री यंत्र फिरवून उतार सपाट करतात. इथे तसलं काही चाललेलं नाही, म्हणून डिसेंबरपासून या टेकडीवर पडलेल्या, उठलेल्या प्रत्येकाचं वळण आज तुमच्या पायाखाली आहे. त्यात लष्कराचे जवान असतील, दिल्लीची शाळकरी पोरं असतील, टनमर्गची पोरं तर नक्कीच. त्यांच्या घाईने आणि भीतीने तुमची वाट ठरवून ठेवलीय.

आणखी एक गंमत, जी पटायला वेळ लागतो. ही टेंगळं वर चढतात. स्की करणारा टेंगळाच्या खालच्या बाजूवर कडा घासून वेग मारतो, तिथला बर्फ खरवडला जाऊन खालच्या टेंगळाच्या वरच्या अंगावर पडतो. प्रत्येक टेंगूळ खालून झिजतं आणि वरून वाढतं. माणसं दिवसभर खाली घसरत असतात आणि त्यांच्या पायाखालचा सगळा उतार इंचाइंचाने शिखराकडे सरकत असतो. जानेवारीत जे टेंगूळ देवदाराच्या त्या झाडाखाली होतं, ते आज झाडाच्या वर दिसेल.

ऑलिम्पिकवाल्यांनाही आत्ताच याची चव लागली आहे. मागच्याच वर्षी, १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये टेंगळांवरची शर्यत प्रदर्शनापुरती घेतली. पदकं १९९२ मध्ये आल्बरव्हिलला मिळतील, पुरुषांचं पहिलं सुवर्ण फ्रान्सचा एद्गार ग्रोस्पिराँ नेईल. त्या खेळात नुसता वेग मोजत नाहीत. वळणं किती नेटकी आणि हवेतली उडी कशी, यालाही गुण असतात, आणि सर्वांत जास्त वजन वळणांना. त्याच कॅल्गरीत याच भागातला गुल मुस्तफा देव भारताकडून उतरला होता, टेंगळांच्या नव्हे, नेहमीच्या शर्यतींत. लिफ्टवाला त्याचं नाव असं घेतो की जणू काल संध्याकाळी दोघं बरोबर चहा प्यायले. प्यायलेही असतील.

"घुटने, साहब! घुटने!"

उस्ताद खाली उभे आहेत, स्कीची कांडी हवेत. साठीकडे झुकलेला माणूस, चेहरा उन्हाने रापलेला, चष्म्याच्या जागी तेवढी गोरी पट्टी. निघा.

पहिल्या टेंगळावर तुम्ही सगळ्यांसारखंच करता: घाबरून मागे रेलता. मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होतात, टोकं हलकी झाली की वळत नाहीत, वळली नाहीत की दुसरं टेंगूळ तुम्हाला उचलून तिसऱ्यावर टाकतं. बर्फ कॉलरमधून आत, पाठीवरून थेट खाली. एक स्की वर राहिली. ती आणायला चढा. उभ्या उतारावर दोन्ही पायांत मिळून एक स्की घालून चढणं कसं असतं ते कळलंच.

उस्ताद शिकवतात ते असं. उतारावर लोटाभर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेने जाईल, छाती त्या रेषेकडेच ठेवायची. छाती वळवायची नाही, पाय वळवायचे. टेंगळाचा माथा आला की गुडघे छातीकडे येऊ द्यायचे, खड्डा आला की पाय लांब करून बर्फाला भेटायला जायचं. डोकं एकाच उंचीवर राहिलं पाहिजे, खाली काहीही चालू असो. हात पुढे, दिसतील असे. नजर पायाखाली नको, तीन टेंगळं पुढे. पायाखालच्या टेंगळाबद्दल आता काही करता येत नाही, त्याचा विचार सोडा.

तुम्ही ऐकता, मान हलवता आणि पुन्हा मागे रेलता. सपाट मुलखातल्या माणसाची ही खोड आहे. तापीकाठच्या काळ्या रानात वाढलेल्या पोराच्या शरीराला उतार म्हणजे धोका एवढंच ठाऊक. उताराकडे झुकायचं, त्याच्या अंगावर जायचं, हे कानाला कळतं, पोटाला कळत नाही. पंधरा दिवसांचं सगळं शिबिर त्या पोटाला समजावण्यात गेलंय.

मग केव्हातरी अकराच्या पुढे ते होतं. कसं, ते विचारू नका. ऊन बरोबर कोनात, दाणे सुटलेले, स्कीखाली सर्र असा बारीक आवाज. तुम्ही पहिल्या टेंगळाच्या खांद्यावरून वळता, गुडघे आपोआप वर येतात, दुसरं, तिसरं. कांडी टेकते, सुटते. चौथ्याला तुम्ही मोजणं विसरता. अंग खालच्या खाली हलतंय आणि डोळे शांतपणे पुढची जागा निवडताहेत. एकदा चुकून हवेतही जाता, हातभर का होईना, आणि पायांवरच उतरता. खाली पोचून थांबलात की मांड्या थरथरताहेत, तोंडाला कोरड. उस्ताद एवढंच म्हणतात, "हाँ. अब समझा." कोणाला समजलं, तुम्हाला की त्यांना, ते सांगत नाहीत.

शिरपूरकर मागून येतो. तोही अर्ध्यापर्यंत झकास, मग एका मोठ्या टेंगळाने त्याला बाजूच्या मऊ बर्फात लोटलं. फक्त टोपी दिसते आणि आवाज येतो: "मन्हा गुडघा गया ना भो!" गुडघा गेलेला नाही. दुपारी तो तीन वाट्या राजमा खातो.

दुपारच्या सुट्टीत उन्हात लाकडी पायऱ्यांवर बसा. समोर छोट्या टेकाडावर महाराणीचं शिवमंदिर आहे, १९१५ मधलं, 'आप की कसम'मुळे अख्ख्या देशाला चेहऱ्याने माहीत. आज ईस्टर आहे, आणि हा योगायोग इथल्या जुन्या माणसांच्या लक्षात येतो. १९२७ मध्ये गोऱ्या साहेबांनी गुलमर्गला स्की क्लब ऑफ इंडिया काढला, तेव्हा वर्षाचे त्यांचे दोन मेळावे असत: नाताळचा आणि ईस्टरचा. नाताळचा ताज्या बर्फासाठी. ईस्टरचा याच दाणेदार, उन्हाळी बर्फासाठी. साहेब गेले, आणि १९४८ च्या डिसेंबरात लष्कराने इथे स्कीची शाळा काढली, जिचं पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. मग ऑस्ट्रियाचा रुडॉल्फ मॅट भारतात स्कीसाठी जागा शोधत आला आणि त्याने गुलमर्ग पसंत केलं. १९६८ मध्ये पर्यटन खात्याची संस्था उभी राहिली. खान्देशातून इथपर्यंत एखादा पोरगा येतो, तो या दोन वाटांपैकी एकीने: फौजेतून नाहीतर शिबिरातून. पैसेवाल्यांची वाट तिसरी, पण ते बर्फात फोटो काढून, ढकलगाडीवर बसून संध्याकाळी श्रीनगरला परत जातात.

बर्फाबद्दल कुणालाच चिंता नाही, हेही बघून ठेवा. दरवर्षी पडतो, यंदा पडला, पुढच्या वर्षी पडेल. जानेवारी २०२४ मध्ये हेच कुरण पिवळं, कोरडं पडलेलं असेल आणि पर्यटक परत फिरतील. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागतील. ही बातमी तुम्ही या पायऱ्यांवर सांगितलीत तर लोक अपहरणाच्या बातमीपेक्षाही जास्त हसतील.

दुपारी दोनला बर्फाचा नूर पालटतो. टेंगळांच्या माथ्यावर पाणी चमकतं, खड्ड्यांत राखाडी रबडी साचते. स्की अचानक धरली जाते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. गुडघे मोडायची खरी वेळ ही. उस्ताद नवख्यांना थांबवतात. लिफ्टवाला तीनला यंत्र बंद करतो, कारण त्याला खाली टनमर्गला घरी जायचंय, आणि डिझेलही जपून वापरायचंय. भांडाराच्या खिडकीत स्की जमा करण्याची रांग लागते. भांडारवाला प्रत्येक कांडीचं टोक तपासतो, एक वाकलेली कांडी कुणाची यावरून बंगाली कॅडेट आणि पुण्याची बाई यांच्यात रीतसर खटला चालतो. वहीत नाव, गाव, बुटाचा नंबर. "अगले साल आओगे तो यही नंबर निकाल के रखूँगा," तो तुम्हाला म्हणतो. पंडितजी शेजारी शिक्का मारत बसलेत. ते वर न बघता म्हणतात, जानेवारीत या, मार्चमध्ये काय मजा.

तुम्ही 'हो' म्हणता. आणखी काय म्हणणार.

रांगेत तुमच्या पुढे दोघंच उरलेत. शिरपूरकर मात्र रांगेत नाही. तो बाहेर उतारापाशी उभा, स्की खांद्यावर, वर बघतोय. लिफ्ट बंद आहे. देवदारांची सावली टेंगळांवर आडवी यायला लागलीय आणि सावलीतला बर्फ पुन्हा आवळायला लागलाय. अर्ध्या तासात तो परत चालण्याजोगा होईल, असं त्याने कुठूनसं ताडलंय. उस्ताद सिगारेट पेटवतात, घड्याळ बघतात, आणि नाही म्हणत नाहीत. जायचं असेल तर पायी चढा, एवढंच सांगतात.

"चाल भो," तो म्हणतो, "आखो एक."

तुम्ही रांग सोडता. भांडारवाला खिडकीतून ओरडतो की पाचला कुलूप लागेल.